विद्यार्थ्याचा एक हंगाम आणि कुरणाचा काळ : शाश्वत पशुधन व कुरण-व्यवस्थापनातील संशोधनाचे प्रश्न कसे निवडावेत?

माळरान (धागाकर्ता)

शाश्वत पशुधन आणि कुरण-व्यवस्थापन या विषयातील पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे संशोधन-प्रस्ताव वाचणे हा माझ्या कामाचा भाग आहे. या प्रस्तावांत एक अडचण पुन्हा पुन्हा समोर येते आणि तिच्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. विद्यार्थ्याच्या हाती गवत वाढण्याचा एक हंगाम असतो, फार तर दोन असतात. निवडलेला प्रश्न मात्र असा असतो की त्याचे उत्तर द्यायला जमिनीलाच दहा-पंधरा वर्षे लागावीत. मग हंगाम संपतो, आकडे हाती येतात, त्यांतून काहीच ठरत नाही, आणि विद्यार्थ्याला वाटते की आपल्या मेहनतीतच काही कमी पडले. खरे तर कमतरता मेहनतीत नसते, प्रश्नाच्या निवडीत असते.

कुरणातल्या प्रत्येक घडामोडीची गती वेगळी आहे. चराईनंतरची नवी फूट काही आठवड्यांत मोजता येते. चारा बदलला की जनावराच्या कोठीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला, मोठा कप्पा) सूक्ष्मजीवांना जुळवून घ्यायला साधारण दोन ते तीन आठवडे द्यावे लागतात. गवत आणि द्विदल वनस्पती यांचे परस्परांतील प्रमाण एका हंगामात हलताना दिसते, पण कोणत्या जाती टिकतील आणि कोणत्या नाहीशा होतील हे कळायला वर्षे जातात. जमिनीतील सेंद्रिय कर्ब तर दशकांच्या हिशेबाने बदलतो. आपला प्रश्न यांपैकी कोणत्या घडामोडीबद्दल आहे, हे प्रस्ताव लिहायला बसण्यापूर्वी ठरले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८५६ साली जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी सुरू केलेला ‘पार्क ग्रास’ प्रयोग या संदर्भात लक्षात घेण्यासारखा आहे. वेगवेगळ्या खतांनी वाळलेल्या गवताचे उत्पादन किती वाढते, एवढाच त्यांचा मूळ प्रश्न होता. काही वर्षांतच असे दिसू लागले की खत बदलले की वाफ्यातील वनस्पतीच बदलतात. ज्या वाफ्यांना कधीच खत दिले गेले नाही ते आज सर्वांत जातिसमृद्ध आहेत, तर चुना न देता वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिलेल्या वाफ्यांची माती आम्ल होऊन तेथे मोजक्या गवतांचेच राज्य उरले आहे. उत्पादन आणि विविधता यांचा हा व्यस्त संबंध एखाद्या दोन वर्षांच्या प्रबंधाला दाखवता आला नसता. मात्र त्याच वाफ्यांवर पुढे अनेक विद्यार्थ्यांनी छोटे आणि नेमके प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे त्यांना वेळेत मिळाली.

या विषयात शिकणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी आपली मते मांडावीत, ही विनंती.

नवपालवी

हा धागा माझ्यासाठी अगदी वेळेवर आला आहे. मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात आहे आणि पुढच्या सत्रात मला प्रबंधाचा विषय नक्की करायचा आहे. फिरत्या चराईमुळे, म्हणजे कुरणाचे कप्पे पाडून जनावरे एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवत राहिल्यामुळे आणि प्रत्येक कप्प्याला विश्रांती मिळाल्यामुळे, सलग चराईच्या तुलनेत जमिनीत अधिक कर्ब साठतो का, असा माझा प्रश्न आहे. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर दोन मोठी कुरणे उपलब्ध आहेत. एकात फिरती आणि दुसऱ्यात सलग चराई ठेवून हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी मातीचे नमुने घ्यावेत, अशी माझी कल्पना आहे. वरील लेखन वाचल्यावर हा प्रश्न माझ्या हाती असलेल्या वेळात बसणार नाही, अशी शंका येऊ लागली आहे. कृपया स्पष्ट मत द्यावे.

मातीचा_कस

नवपालवी, आपली शंका रास्त आहे आणि ती कागदावर आकडे मांडूनच पडताळावी. समजा वरच्या ३० सेंटीमीटर थरात मातीची घनता दर घन सेंटीमीटरला १.३ ग्रॅम आहे आणि सेंद्रिय कर्ब २ टक्के आहे. एका हेक्टरात त्या थराची माती ३,९०० टन भरते आणि तिच्यात ७८ टन कर्ब असतो. आता आपल्या चराईपद्धतीमुळे दरवर्षी हेक्टरी ०.४ टन कर्ब वाढतो असे उदारपणे गृहीत धरू. वर्षाअखेरीस कर्बाचे प्रमाण २.०० टक्क्यांवरून साधारण २.०१ टक्क्यांवर जाईल. एकाच कुरणात दहा पावलांच्या अंतरावर घेतलेल्या दोन नमुन्यांत याच्या कितीतरी पट फरक सहज सापडतो. म्हणजे ज्या बदलाचा शोध घ्यायचा आहे तो नमुन्यांच्या नैसर्गिक चढउतारात पूर्णपणे बुडून जाईल.

याहून अवघड बाब घनतेची आहे. खुरांच्या दाबाने माती दबते. घनता १.३ वरून १.४ झाली आणि कर्बाचे प्रमाण तेच राहिले, तर त्याच ३० सेंटीमीटर खोलीत आता ४,२०० टन माती आणि ८४ टन कर्ब मोजला जाईल. प्रत्यक्षात कर्बाचा एक कणही नव्याने साठलेला नसताना आपल्या तक्त्यात ६ टनांची वाढ दिसेल, आणि वरच्या गृहीतकाप्रमाणे ती पंधरा वर्षांच्या वाढीइतकी आहे. म्हणूनच समान खोलीऐवजी समान वजनाच्या मातीची तुलना करण्याची पद्धत वापरावी लागते आणि त्यासाठी नमुने ३० सेंटीमीटरच्याही खाली न्यावे लागतात. चराई आणि कर्ब यांवरील एखादा लेख वाचताना घनता मोजली आहे का आणि हिशेब कोणत्या पद्धतीने केला आहे, एवढे दोन मुद्दे आधी पाहावेत, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

आकडेमोड

मातीचा_कस यांनी मोजमापाची अडचण सांगितली आहे. मी रचनेची अडचण सांगतो आणि माझ्या दृष्टीने ती अधिक गंभीर आहे. दोन कुरणे आणि प्रत्येकात एक पद्धत असेल तर प्रत्येक पद्धतीची पुनरावृत्ती एकच आहे. प्रत्येक कुरणातून पन्नास नमुने घेतले काय किंवा पाचशे घेतले काय, चराईपद्धत लागू झाली ती अख्ख्या कुरणाला, त्यामुळे प्रयोगाचे एकक कुरण हेच राहते. दोन कुरणांत मुळातच माती, उतार, ओलावा आणि जुना वापर यांचे फरक असतात. ते आणि चराईचा परिणाम यांना वेगळे करण्याचा कोणताही सांख्यिकी उपाय नाही. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या दोषाला ‘आभासी पुनरावृत्ती’ (pseudoreplication) असे नाव देऊन त्याची सविस्तर चिकित्सा केली, तरीही पशुधनाच्या प्रयोगांत तो आजही सर्रास आढळतो. एका कप्प्यात वीस गायी एकत्र चरत असतील आणि चाऱ्याची वागणूक (म्हणजे प्रयोगात तपासायचा बदल) कप्प्याला दिलेली असेल, तर त्या वीस गायी वीस स्वतंत्र साक्षीदार ठरत नाहीत, कारण त्या एकच गवत खातात आणि एकमेकींच्या वागण्याने त्यांचे चरणेही बदलते.

यावर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एकक लहान करणे. कप्प्याऐवजी वाफ्यावर प्रयोग केला तर चार किंवा सहा गटांत (प्रत्येक गटात सर्व वागणुकींचा एकेक वाफा) पुनरावृत्ती करणे एका विद्यार्थ्यालाही झेपते. मात्र वाफ्यावर मिळालेले उत्तर कप्प्यालाही लागू होते, असे प्रबंधात लिहिण्याचा मोह टाळावा लागतो.

माळरान

दोघांचेही मनापासून आभार. फिरत्या चराईबद्दल आणखी एक गोष्ट जोडतो, कारण हा प्रश्न विद्यार्थ्यांना फार आकर्षित करतो. आंद्रे व्होआझँ यांनी १९५० च्या दशकात विश्रांतीच्या काळाला कुरण-व्यवस्थापनाच्या केंद्रस्थानी आणले आणि त्यांची मांडणी गवताच्या फुटीच्या निरीक्षणावर आधारलेली होती. पुढे २००८ साली डेव्हिड ब्रिस्की आणि सहकाऱ्यांनी नैसर्गिक माळरानांवरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा बहुतेक प्रयोगांत फिरती चराई सलग चराईपेक्षा सरस ठरली नसल्याचे दिसले. यावर आक्षेप असा आला की ते प्रयोग लहान जागेवर आणि ठरावीक वेळापत्रकाने झाले, तर चांगला पशुपालक गवत पाहून निर्णय बदलतो. हा वाद अजून मिटलेला नाही. इतक्या मोठ्या वादात एका हंगामाच्या बळावर उतरण्याऐवजी त्याच्या पोटातला एखादा लहान दुवा धरावा. चराईनंतर किती उंचीचे गवत शिल्लक राहिले असता पुढची फूट कशी येते, हा असाच एक दुवा आहे. फिरत्या चराईचा सगळा डोलारा शेवटी त्यावरच उभा आहे.

ज्यांना दीर्घकाळाचेच प्रश्न खुणावतात त्यांच्यासाठीही वाटा आहेत. आधीपासून चालू असलेल्या प्रयोगाचा आधार घेणे ही पहिली वाट. अमेरिकेतील कॉन्झा प्रेअरी या गवताळ प्रदेशात वेगवेगळ्या वर्षांच्या अंतराने जाळली जाणारी आणि बायसन चरणारी अशी संपूर्ण पाणलोट क्षेत्रे आहेत. जर्मनीतील येना येथे २००२ पासून एका जातीपासून साठ जातींपर्यंतचे पेरलेले वाफे जपले आहेत. अशा ठिकाणी आलेला विद्यार्थी आपल्या एका हंगामात इतरांनी वर्षानुवर्षे घडवलेला फरक मोजतो. आपल्या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरही वीस वर्षे बंद ठेवलेला एखादा तुकडा किंवा कधीच खत न दिलेला बांध असू शकतो. त्याची चौकशी जुन्या कर्मचाऱ्यांकडे आधी करावी, नोंदवह्या नंतर उघडाव्यात.

‘न्यूट्रिएंट नेटवर्क’सारख्या जाळ्यात सहभागी होणे ही दुसरी वाट. जगभरच्या गवताळ प्रदेशांत पाच बाय पाच मीटरचे वाफे, नत्र-स्फुरद-पालाश यांच्या ठरलेल्या वागणुकी, काही वाफ्यांना कुंपण आणि मोजमापाची एकच पद्धत असे त्याचे स्वरूप आहे. एका ठिकाणचा खर्च आवाक्यातला राहतो आणि तरीही उत्तर अनेक खंडांवरील ठिकाणे मिळून देतात. तिसरी वाट खुल्या विदेची, म्हणजे इतरांनी जमवून सर्वांना खुल्या केलेल्या आकडेवारीची. इंग्लंडमधील नॉर्थ वाइक येथे २०१० च्या सुमारास उभारलेल्या प्रक्षेत्रावर तीन लहान शेती-व्यवस्था शेजारी शेजारी चालवल्या जातात, त्यांतून वाहून जाणारे पाणी पंधरा स्वतंत्र पाणलोटांत सतत मोजले जाते आणि ही विदा संशोधकांना खुली आहे. ज्याला विश्लेषणाची आवड आहे त्याने स्वतःचे गवत कापलेच पाहिजे असे नाही.

नवपालवी

मनःपूर्वक आभार. कर्बाचा प्रश्न मी सोडून दिला आहे आणि शिल्लक उंचीच्या दुव्यावर विचार सुरू केला आहे. एक शंका मात्र राहते. वेगवेगळ्या वयाची किंवा वेगवेगळ्या इतिहासाची कुरणे शोधून त्यांची आजची स्थिती मोजली आणि त्यावरून काळाचा परिणाम सांगितला, तर ते चालते का? बऱ्याच लेखांत असे केलेले दिसते.

आकडेमोड

चालते, पण फार सावधपणे. अमेरिकेतील सीडर क्रीक या संशोधन-प्रक्षेत्रावरील अनुभव यासाठी अवश्य अभ्यासावा. १९८७-८८ च्या दुष्काळात कमी जातींच्या वाफ्यांचे उत्पादन अधिक घसरले आणि अधिक जातींचे वाफे तगून राहिले, असे डेव्हिड टिलमन आणि जॉन डाउनिंग यांनी १९९४ साली मांडले. त्यावर आक्षेप आला की या वाफ्यांतील जातींची संख्या कोणी ठरवून दिलेली नव्हती, ती नत्रखत घातल्यामुळे कमी झाली होती. मग दुष्काळात तग न धरण्याचे कारण जातींची कमतरता मानायचे की नत्राने फोफावलेली आणि कोरडेपणा न सोसणारी गवते? टिलमन यांच्या गटाने पुढे जातींची संख्या थेट चिठ्ठी टाकल्याप्रमाणे वाटून नव्याने पेरलेल्या वाफ्यांचा प्रयोग उभारला. आपण दोन इतिहासांची कुरणे शेजारी ठेवून तुलना करतो तेव्हा हाच प्रश्न आपल्यालाही लागू होतो : त्या कुरणाला तो इतिहास का मिळाला? बहुधा तेथील माती वेगळी होती म्हणूनच.

रवंथ

चर्चा उत्तम चालली आहे, पण मला एक गंभीर आक्षेप नोंदवायचा आहे. वाफे, चौकटी (नमुन्याची जागा आखण्यासाठी गवतावर टाकायच्या) आणि कात्री यांत जनावर हरवत चालले आहे. पशुधन-व्यवस्थेचा अभ्यास म्हणायचे आणि तोंड, जीभ, कोठीपोट यांच्याकडे पाहायचेच नाही, हे मला पटत नाही. यंत्राने कापलेला वाफा आणि चरलेला वाफा या एकसारख्या गोष्टी नव्हेत. जनावर निवडून खाते, तुडवते, आणि शेण-मूत्राच्या रूपाने अन्नद्रव्ये ठिपक्याठिपक्यांत परत टाकते. कुसळी गवत कोवळे असताना जनावरे ते आवडीने खातात आणि त्यावर कुसळे आली की त्याच्या बाजूने वळसा घालून जातात. कात्रीला हा फरक कधीच कळत नाही.

मोजमापाची साधने महाग आहेत म्हणून जनावर वगळावे लागते, असे म्हटले जाते. मिथेन मोजण्याच्या बाबतीत ते काही अंशी खरे आहे. जनावराला आत ठेवून त्याने सोडलेला वायू मोजणारा श्वसनकक्ष उभारणे हे एकट्या विद्यार्थ्याचे काम नव्हे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत सल्फर हेक्झाफ्लोराइड सोडणारी नळी कोठीपोटात ठेवून चरणाऱ्या गायीच्या श्वासाचे नमुने घेता येतात, पण तिलाही कुशल हात आणि बरेच साहित्य लागते. तरीही प्रयोगशाळेत जनावराच्या जवळ जाण्याचा एक जुना आणि विश्वासू मार्ग आहे. होहेनहाइम विद्यापीठात मेंके आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडलेली वायुचाचणी आजही विद्यार्थ्यांच्या हातात शोभते. दळलेल्या वाळक्या चाऱ्याचे २०० मिलिग्रॅम काचेच्या मोठ्या पिचकारीत घालायचे, कोठीपोटातील गाळलेला द्रव आणि बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) यांचे ३० मिलिलिटर मिश्रण वरून भरायचे आणि पिचकारी ३९ अंश सेल्सिअसवर फिरत ठेवायची. सूक्ष्मजीव चारा आंबवू लागले की वायू तयार होतो आणि दट्ट्या हळूहळू मागे सरकतो. चोवीस तासांनी दट्ट्या कुठवर आला ते वाचायचे. पचनीयता आणि ऊर्जा यांचा अंदाज त्यावरून काढता येतो आणि त्याच वायूतील मिथेनही तपासता येतो. कोवळ्या फुटीची आणि निबर काडीची पिचकारी शेजारी शेजारी ठेवली की चाऱ्याची प्रत म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसते. मी हा प्रयोग पहिल्याच सत्रात करून घेते.

दोन सूचना. कोठीपोटाचा द्रव आधी गरम करून ठेवलेल्या थर्मासमध्ये आणावा, त्याला हवा लागू देऊ नये आणि गाळताना कार्बन डायऑक्साइड सोडत राहावा, कारण हे सूक्ष्मजीव ऑक्सिजनने मरतात. आणि द्रव देणारी जनावरे कोणत्या चाऱ्यावर आहेत, याची नोंद प्रबंधात असलीच पाहिजे.

वाटसरू

मी या क्षेत्रातील नाही, पण हा धागा पहिल्यापासून वाचत आहे. एक मूलभूत शंका विचारू का? रवंथ करणारी जनावरे मिथेन सोडतात आणि तो तापमानवाढीला कारण ठरतो, हे आता सर्वमान्य आहे. मग या व्यवस्था शाश्वत करण्याचा अभ्यास करण्यापेक्षा त्या कमी करण्याचाच अभ्यास का करू नये?

रवंथ

प्रश्न अगदी योग्य आहे आणि या विषयाच्या विद्यार्थ्याला तो टाळता येत नाही. गायीने खाल्लेल्या एकूण ऊर्जेपैकी साधारण ६.५ टक्के ऊर्जा मिथेनच्या रूपाने बाहेर जाते, असा ढोबळ आकडा हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीने राष्ट्रीय हिशेबांसाठी बराच काळ वापरला आहे. शंभर वर्षांच्या कालावधीत जनावरांच्या मिथेनचा एक किलो साधारण २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरला जातो. पण मिथेन वातावरणात बारा वर्षांच्या आसपास टिकतो, तर कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके राहतो. त्यामुळे स्थिर संख्येच्या कळपाचा आणि वाढत्या कळपाचा तापमानावरील परिणाम सारखा नसतो. कोणते परिमाण वापरले यावर निष्कर्ष बदलतो, म्हणून विद्यार्थ्याने किमान दोन परिमाणांत हिशेब मांडावा, असा माझा आग्रह असतो.

जनावरे कमी करण्याचा अभ्यास हाही याच विषयाचा भाग आहे आणि काही ठिकाणी तोच योग्य निष्कर्ष ठरेल. मात्र जगातील पशुधन जो चारा खाते त्यातील सुमारे ८६ टक्के शुष्क पदार्थ माणसाला खाण्याजोगा नसतो, असा अन्न व कृषी संघटनेच्या संशोधकांचा २०१७ चा अंदाज आहे, आणि त्यात गवत व पिकांचे अवशेष यांचा वाटा मोठा आहे. ज्या जमिनीवर गवताखेरीज काही टिकत नाही तेथील कळप आणि धान्यावर वाढवलेला कळप यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो. या दोहोंची सरासरी काढली की एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

चराईवाट

मी कळपांबरोबर फिरणाऱ्या पशुपालकांच्या ज्ञानावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत करते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे माळराने आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले आहे, त्यामुळे या विषयाकडे वळणारे विद्यार्थी वाढले आहेत. त्यांच्यासाठी थोडे लिहिते.

पशुपालकांची मुलाखत म्हणजे प्रश्नावली भरून घेणे नव्हे. ‘तुमच्या कुरणाची चराईक्षमता किती?’ असे विचारले तर उत्तर मिळत नाही, किंवा पाहुण्याला बरे वाटेल असे उत्तर मिळते. पाऊस ज्या प्रदेशात फार अनियमित असतो तेथे एका हेक्टरवर किती जनावरे चालतील, याचा स्थिर आकडा मुळात अर्थपूर्णच नसतो. तेथे शहाणपण असते ते वेळेवर हलण्यात. कळपाच्या मागून चालत जावे आणि कळप वळला त्या जागी, ‘आता का वळवला?’ असे विचारावे. तेव्हा गवताची अवस्था, पाण्याचे अंतर, आजारी जनावर, शेजारच्या कळपाशी झालेला बोलाचालीचा करार अशी खरी कारणे बाहेर येतात. अशा नोंदी उपग्रहावरून मिळणाऱ्या हिरवेपणाच्या निर्देशांकाशी ताडून पाहिल्या तर एका हंगामातही उत्तम प्रबंध होतो, कारण येथे मोजायचा असतो निर्णय, आणि निर्णय रोज घडतात.

संमती घेताना आणखी एक काळजी घ्यावी. चराईच्या वाटा आणि पाणवठ्यांचे नेमके नकाशे प्रसिद्ध केले की त्यांचा वापर त्याच लोकांना तेथून हटवण्यासाठीही होऊ शकतो. नकाशा किती बारकाईने छापायचा, हे ठरवण्याचा हक्क माहिती देणाऱ्यांचा आहे, आणि तो प्रबंध सादर करण्याआधी त्यांना विचारून ठरवला गेला पाहिजे.

मातीचा_कस

रवंथ यांच्या ठिपक्यांच्या मुद्द्याला पूर्ण दुजोरा. गायीने एकदा मूत्र टाकलेल्या जागी नत्राचे प्रमाण हेक्टरच्या हिशेबाने काही शे किलोंपासून हजार किलोंपर्यंत जाते. एवढे नत्र गवताला घेताच येत नाही आणि उरलेले पाण्याबरोबर झिरपते किंवा नायट्रस ऑक्साइड होऊन उडते. नवपालवी, आपल्या वाफ्यांवर जनावरे सोडणार असाल तर चौकट टाकताना असे गडद हिरवे ठिपके मुद्दाम टाळू नका आणि मुद्दाम निवडूही नका. जागा आधीच यादृच्छिक ठरवून घ्या आणि ठिपका आला तर तशी नोंद करा.

नवपालवी

सर्वांच्या सूचना लक्षात घेऊन प्रस्ताव नव्याने मांडते. प्रक्षेत्रावर रायग्रास हे गवत आणि पांढरा क्लोव्हर ही द्विदल वनस्पती यांचे जुने मिश्र कुरण आहे. त्यात सहा गट पाडून प्रत्येक गटात तीन वाफे ठेवावेत आणि चराईनंतरची शिल्लक उंची ३, ६ आणि ९ सेंटीमीटर ठेवावी, असा विचार आहे. उंच शिल्लक गवताच्या सावलीत क्लोव्हरच्या जमिनीलगत पसरणाऱ्या खोडांना प्रकाश कमी मिळतो आणि त्याचा वाटा घटतो, तर फार खाली चरल्यास गवताची फूट मंदावते, हा मूळ तर्क आहे. प्रत्येक फुटीचे वजन, क्लोव्हरचा वाटा आणि वायुचाचणीतील पचनीयता एवढेच मोजायचे ठरवले आहे. जनावरांऐवजी कापणी करावी की थोड्या वेळासाठी मेंढ्या सोडाव्यात, याचा निर्णय मात्र होत नाही.

आकडेमोड

रचना चांगली आहे. तीन वागणुकी आणि सहा गट म्हणजे त्रुटीसाठी दहा मुक्तांश (त्रुटीचा अंदाज घ्यायला उरणाऱ्या स्वतंत्र तुलना) उरतात आणि ते अशा प्रयोगाला पुरेसे आहेत. वायुचाचणीत एकाच नमुन्याच्या तीन पिचकाऱ्या लावल्या तर त्यांची सरासरी हा एकच आकडा धरा. चाचणी वेगळ्या दिवशी नव्या द्रवाने पुन्हा केली तरच ती पुनरावृत्ती ठरते. सर्व गट एकाच दिवशी बसत नसतील तर अख्खा गट एका दिवशी घ्या, म्हणजे दिवसादिवसातील फरक गटाच्या फरकात सामावला जाईल.

रवंथ

माझा कल अर्थातच मेंढ्यांकडे आहे. प्राण्यांवरील प्रयोगांच्या नीतिसमितीची परवानगी मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच करावा. त्या अर्जात शिल्लक उंची गाठली की मेंढ्या लगेच बाहेर काढल्या जातील, त्यांना पाणी आणि सावली मिळेल आणि क्लोव्हर जास्त असलेल्या वाफ्यांवर पोटफुगीची देखरेख होईल, हे स्पष्ट लिहावे. भुकेल्या मेंढ्या ओल्या क्लोव्हरवर कधीही सोडू नयेत. परवानगी वेळेत आली नाही तर कापणी करावी आणि प्रबंधाच्या शीर्षकात ‘चराई’ऐवजी ‘कापणी’ हा शब्द प्रामाणिकपणे ठेवावा.

माळरान

रवंथ यांच्याशी मी येथे सहमत आहे. शेवटी हाताच्या कामाबद्दल थोडे लिहितो, कारण अनेक चांगल्या रचना तेथेच ढासळतात. चौकट वरून टाकल्यावर पाने आत-बाहेर वाकलेली असतात. ज्या रोपाचे मूळ चौकटीच्या आत ते कापायचे आणि ज्याचे मूळ बाहेर ते वगळायचे, असा नियम पहिल्या दिवशी ठरवावा आणि मदतीला येणाऱ्या प्रत्येकाकडून तो पाळून घ्यावा. कापणीची उंची मोजपट्टीने तपासत राहावी, कारण थकलेला हात नकळत खाली जातो. फार खाली कापले की माती मिसळते, नमुन्यातील राख वाढते आणि पचनीयता उगाच कमी दिसते. क्लोव्हर आणि गवत ओले असतानाच वेगळे करावे. पाने कोमेजली की त्यांचे तुकडे एकमेकांत गुंततात आणि निवडण्याचे काम दुप्पट होते. लगेच निवडणे शक्य नसेल तर नमुने थंड जागी बंद पिशवीत ठेवावेत.

चाचणीसाठीचे नमुने ६० अंशांच्या आसपास वजन स्थिर होईपर्यंत वाळवावेत, १०५ अंशांवर वाळवलेला नमुना वायुचाचणीला वापरू नये. दाबतबकडीने (गवतावर टेकवून त्याची दबलेली उंची मोजणारे साधन) उंची मोजून वजनाचा अंदाज घेणार असाल तर तिचे प्रमाणीकरण प्रत्येक फुटीला नव्याने करावे, कारण फुलोऱ्याआधीच्या आणि फुलोऱ्यानंतरच्या गवताची घनता वेगळी असते आणि क्लोव्हर वाढला की जुने सूत्र आणखी चुकते. आणि पहिली कापणी हिशेबात न धरता सर्व वाफे एका पातळीवर आणण्यासाठीच वापरावी. ती कापणी फूट सुरू होताच व्हायला हवी, म्हणून कात्र्या, पिशव्या आणि वजनकाटा यांची मागणी याच महिन्यात नोंदवून ठेवा.